खोली, शिधा आणि सवड

भाकऱ्या थापत ऐकत असाल तर थापत राहा, भाजी निवडत असाल तर निवडत राहा. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटात झालेल्या एका भांडणाची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्या भांडणापायी आम्ही जो इतिहास वाचला तोही.

आमचा गट कल्याण तालुक्यातला, टिटवाळ्याच्या पुढचा. अकरा जणी आहोत. महिन्याला दोनशे रुपये बचत, शेकडा एक रुपया व्याजाने अंतर्गत कर्ज. कुणी भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जाते, कुणी डोंबिवलीला घरकामाला जाते, दोघी-तिघींची शेती आहे. गेल्या पावसाळ्यात मासिक बैठकीत एका ताईने कर्ज मागितलं. वीस हजार. कशाला? तर लेकीला परदेशी जायचा अर्ज भरायचाय. पासपोर्टची फी दीड हजार, इंग्रजीच्या परीक्षेची फी, दाखले, कागद, ये-जा.

पोरगी हुशार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पहाटेची लोकल पकडून कॉलेजला गेली, इतिहासात एम.ए. झाली. आता तिला नऊ महिने इंग्लंडला राहून अभ्यास करायचाय. अर्ज मंजूर झाला तर राहायला खोली, जेवणाखाण्याचा खर्च, विमानाचं तिकीट, सगळं तिकडचे लोक देणार. त्याला फेलोशिप म्हणतात.

"तिकडे काम काय करणार?" एकीने विचारलं.

"वाचणार. लिहिणार."

"आणि त्याचे पैसे ते देणार? कशापायी?"

ताईला नीट सांगता येईना. दुसरी म्हणाली, गटाचं कर्ज म्हशीला, शिलाई मशीनला, आजारपणाला. वाचायला जायला कर्ज देतात होय? तिसरी म्हणाली, डॉक्टरकी किंवा कॉम्प्युटर असता तर गोष्ट वेगळी. इतिहासाला कोण पोसतं?

आमच्यातली सगळ्यात वयस्क सभासद म्हणजे आजी. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात त्यांच्या धवल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आणि पोरीचा अभ्यासाचा विषय तोच होता, धवलारिणींची गाणी. आजी म्हणाल्या, "आमचं गाणं लिवायला लंडनला कशाला? माझ्या ओटीवर ये की."

सगळ्या हसल्या. ताई हसली नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, आणि आम्हाला काम लागलं. समन्वयक म्हणून इतिवृत्त आम्हीच लिहितो. 'ठराव स्थगित, माहिती मिळवणे' असं लिहून ठेवलं आणि माहिती मिळवायला निघालो. महिनाभरात जे समजलं ते बैठकीत सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न होता, वाचणाऱ्याला कुणी का पोसावं? ही परदेशी लोकांची थेरं आहेत का? तर नाही, मैत्रिणींनो. ही रीत आपल्याच मुलखातली आहे आणि फार जुनी आहे.

नाशिकजवळ पांडवलेणी आहेत. देवदर्शनाला जाताना तुमच्यातल्या कितीतरी जणींनी रस्त्यावरून तो डोंगर पाहिला असेल. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर लेख कोरलेला आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. उषवदात नावाचा माणूस, नहपान राजाचा जावई, त्याने ते लेणं बौद्ध भिक्षूंना राहायला दिलं. भिक्षू आठ महिने फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी राहायचे. त्याला वर्षावास म्हणतात. एका जागी बसून पाठांतर करायचं, शिकायचं, शिकवायचं, ध्यान करायचं, हे त्यांचं काम.

नुसती खोली देऊन भागतं का? कपडालत्ता लागतो. म्हणून उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली. पण ती भिक्षूंच्या हातात दिली नाहीत. विणकरांच्या दोन संघांकडे ठेव म्हणून ठेवली. २००० एका संघाकडे, शेकडा दरमहा १ नाणं व्याजाने. १००० दुसऱ्या संघाकडे, शेकडा दरमहा पाऊण नाणं व्याजाने. अट अशी की मुद्दल कधी मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा नाणी चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायची.

आता हिशेब तुम्हीच करा. गटाच्या वहीत करता तसाच. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. पै न पै जुळते. आणि दर कोणता? शेकडा एक. आमच्या गटाचा आहे तोच! हे वाचून दाखवलं तेव्हा आमची खजिनदार वही खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे तेव्हाही बचत गट होते तर." अगदी बचत गट नव्हे, पण कारागिरांचे संघ होते, त्यांच्याकडे ठेव ठेवण्याइतका लोकांचा विश्वास होता, आणि त्या व्याजावर शिकणारी माणसं निश्चिंत राहत होती.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, तो बाईचा. उषवदाताची बायको दक्षमित्रा, नहपान राजाची मुलगी. तिथली एक खोली तिने दान दिली. खोली देणाऱ्यांत बाई होती, आणि तिचं नाव दगडावर राहिलं.

नाशिक लांब वाटत असेल तर जवळ या. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे शंभराच्या आसपास लेणी आहेत. लहान लहान खोल्या, निजायला दगडाचे ओटे, प्रत्येकीजवळ पाण्याचं टाकं. ती कुणी खोदवली? तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची गावं लिहिली आहेत आणि त्यांत आपलं कल्याण पुन्हा पुन्हा येतं. तेव्हा कल्याण मोठं बंदर होतं. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं, असा लेख आहे. म्हणजे आज ज्या स्टेशनात आपण भाजीची टोपली उतरवतो त्या गावच्या लोकांनी शिकणाऱ्यांच्या पाण्याची सोय केली होती.

खोली, शिधा आणि सवड. फेलोशिप म्हणजे या तीनच गोष्टी, दुसरं काही नाही. आणि यातली सगळ्यात महाग कोणती, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. खोली भाड्याने मिळते, शिधा उधार मिळतो. सवड कुणी उधार देत नाही.

आता कल्याणचीच पुढची गोष्ट. आनंदीबाई जोशी. नाव तुम्ही ऐकलंय, मालिका पाहिली आहे, सिनेमा पाहिला आहे. जन्म ३१ मार्च १८६५, पुण्यात. पण घर कल्याणचं, लहानपण कल्याणात गेलं. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, कल्याणच्याच टपाल कचेरीत नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्यातून डॉक्टर व्हायचं तिने ठरवलं.

आम्हाला आज सांगायचंय ते वेगळं. अमेरिकेत ती राहिली कुठे? खाल्लं काय? हे शाळेच्या धड्यात नसतं आणि आपल्यासारख्यांना आधी तेच विचारावंसं वाटतं. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनरी माणसाला पत्र लिहिलं होतं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक लागलं. ओळख ना पाळख, पण त्यांनी पत्र धाडलं. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागली. तेव्हा फेलोशिप वगैरे काही नव्हती. होती ती एका बाईने दुसऱ्या बाईसाठी मोकळी केलेली घरातली जागा.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून आनंदीबाई बोटीत बसली. दागिने विकले होते, लोकांनी वर्गणी दिली होती. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली आणि आधी मावशीच्या घरी राहिली. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेली. तिथल्या प्रमुख रेचल बॉडलेबाईंनी प्रवेश दिला, मदत केली. पण राहायला मिळालेली खोली वाईट होती. शेकोटी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की थंडीने हाडं गोठायची. जेवण शाकाहारी, स्वतः रांधायचं. नऊवारी लुगड्यात त्या थंडीत निभावेना, तेव्हा ती गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागली. अभ्यास सोडला नाही. पदवीसाठी तिने जो निबंध लिहिला तो जुन्या हिंदू ग्रंथांत बाळंतपणाचं काय ज्ञान आहे, यावर होता. वैद्यकी शिकायला गेलेली मुलगी आपल्या घरचं जुनं ज्ञान तिकडे मांडत होती. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची नोकरीही ठरली. पण क्षय झाला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात ती गेली. तिची रक्षा मावशीकडे पाठवली आणि त्यांनी ती अमेरिकेत आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

हे सांगून झालं तेव्हा ताई गप्प झाली. ती म्हणाली, "म्हणजे खोली कशी आहे हे आधी विचारायला पाहिजे." आम्ही इतिवृत्तात ते लिहिलं. पहिली अट, खोली कशी आहे ते विचारणे.

पदवीच्या त्या समारंभाला आनंदीबाईंच्या नात्यातल्या एक बाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पंडिता रमाबाई. विधवा होत्या, लहान मुलगी मनोरमा होती. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून, त्याच्या विक्रीच्या पैशावर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्यांची राहायची सोय झाली. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. तिकडे असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून इथे गदारोळ झाला. पण त्यांची पत्रं वाचली की कळतं, आश्रय देणाऱ्यांशीही त्यांनी हुज्जत घातली. तुमचं अन्न खाते म्हणून माझी बुद्धी गहाण नाही, असाच त्यांचा बाणा. १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत राहिल्या, तिथल्या बायका संस्था कशा चालवतात, पैसा कसा गोळा करतात ते पाहिलं, आणि परत येऊन त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिकडे बसून वाचलं, लिहिलं, त्याचं इथे काय झालं, याचं उत्तर शारदा सदनात शिकलेल्या विधवा मुली देतील.

आता बाबासाहेबांची गोष्ट. ती आपल्याला पाठ आहे, पण शिष्यवृत्तीच्या अंगाने पुन्हा ऐका. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. त्याबदली परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, सगळं शिकले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, त्याचा निबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. पुढे लंडनला गेले. पण १९१७ मध्ये मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांचं सामान ज्या बोटीत होतं ती युद्धात बुडाली, पुस्तकं समुद्रात गेली.

करारासाठी बडोद्याला नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. परक्या देशात ज्याला खोली मिळाली त्याला आपल्या देशात, जात कळली की दार बंद. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी हाकललं. शेवटी नोकरी सोडून मुंबईला आले. लंडनचा राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० मध्ये पुन्हा गेले, ते साठवलेल्या पगारावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि एका मित्राने दिलेल्या उसन्या पैशावर. १९२३ मध्ये तिथली मोठी पदवी मिळाली, रुपयाच्या प्रश्नावर लिहून.

आणि या सगळ्या वर्षांत मुंबईत घर कोणी धरून ठेवलं? रमाबाईंनी. पहिल्या खेपेला ते गेले तेव्हा यशवंत वर्षाचाही नव्हता. शिष्यवृत्तीच्या कागदावर एकाचं नाव असतं, पण ती दोघं भोगतात. एक तिकडे अभ्यास करतं, दुसरं इकडे चूल सांभाळतं. म्हणून पोरगी जाणार असेल तर तिच्या आईच्या घरचं काम कोण बघणार, तिच्या आजारी वडिलांना दवाखान्यात कोण नेणार, हेही बैठकीत बोललं पाहिजे, असं आम्ही म्हणालो. ताईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

सुनेची गोष्टही सांगितली, कारण आमच्या गटात सुना जास्त आहेत. इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई. १९२८ मध्ये त्यांनी जर्मनीला जाऊन मानवशास्त्र शिकायचं ठरवलं. ज्या सासऱ्यांनी विधवांसाठी संस्था काढल्या, बायकांचं विद्यापीठ काढलं, त्यांनाच हे पटलं नाही. नवरा, दिनकर कर्वे, स्वतः जर्मनीत शिकून आलेला, तो पाठीशी उभा राहिला. पैसे? जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इरावतीबाई बर्लिनला दोन वर्षं राहिल्या आणि डॉक्टरेट घेऊन आल्या. तिथले त्यांचे गुरू गोऱ्या वंशाला श्रेष्ठ मानणारे होते. कवट्या मोजून इरावतीबाईंना जे आढळलं ते गुरूच्या मताला आधार देत नव्हतं. त्यांनी आढळलं तेच लिहिलं. परत आल्यावर महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी माणसांचा, नात्यागोत्यांचा अभ्यास केला. महाभारतातल्या माणसांवरचं त्यांचं 'युगान्त' अजून वाचलं जातं. तर मैत्रिणींनो, वाचायला जायला कर्ज देतात का? देतात. इरावतीबाईंना दिलं होतं.

आता आजच्या काळात या. खोली देणाऱ्या संस्था आज जगभर आहेत. लेखक, चित्रकार, इतिहास शिकणारे, भाषा शिकणारे, अशांना तीन महिने, नऊ महिने, वर्षभर बोलावतात. अमेरिकेत आयोवा गावी १९६७ पासून जगभरच्या लेखकांना राहायला बोलावतात. आपले कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ तिथे होते. भारत आणि अमेरिका यांच्या करारातून १९५० पासून फुलब्राइट नावाची शिष्यवृत्ती चालते. इंग्लंडमध्ये चार्ल्स वॉलेस नावाचा न्यास आहे. चार्ल्स वॉलेस हा कलकत्त्याला व्यापार करून श्रीमंत झालेला इंग्रज. तो १९१६ मध्ये वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशातून १९८१ मध्ये हा न्यास झाला आणि त्यातून भारतीय कलावंतांना, अभ्यासकांना तिकडे जाऊन काम करायला मदत मिळते. पैसा कमावला इथे, आता त्याच्या उत्पन्नातला थोडा इकडच्या माणसांवर खर्च होतो. उषवदाताचीच रीत. मुद्दल शाबूत, व्याजावर अभ्यास.

सरकारी शिष्यवृत्त्याही आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे. केंद्र सरकारचीही आहे, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. मात्र २०२२ मध्ये केंद्राच्या या योजनेच्या नियमांत एक अट घातली, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतीय समाज या विषयांच्या अभ्यासाला ती मिळणार नाही. ते विषय इथेच शिकता येतात, असं सरकारचं म्हणणं. त्यावर बरीच टीका झाली. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचायचे, विषय बसतो का ते बघायचं. सेतू केंद्रात जाऊन दाखल्यासाठी पैसे भरले आणि मग विषयच बसत नाही असं कळलं, असं व्हायला नको.

शेवटची गोष्ट आपल्याच जिल्ह्याची. डहाणू तालुका आता पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रकार. लग्नाचा चौक काढायचा मान वारल्यांत सवाशिणींचा. पांढऱ्या पिठाने भिंतीवर त्या चौक काढायच्या. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी हे चित्रकार तिथे गेले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्या म्हसे लग्नाशिवायही, रोज चित्रं काढू लागले. पुढे देशोदेशी गेले. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जपानमध्ये निगाता भागात डोंगरातल्या एका जुन्या शाळेत मिथिला संग्रहालय आहे. तिथे बिहारच्या मधुबनी चित्रकार बायकांना, वारली चित्रकारांना, गोंड चित्रकारांना बोलावत. महिनोन्‌महिने तिथे राहायचं आणि चित्रं काढायची.

यात दोन गोष्टी आम्हाला टोचल्या. पहिली, चौक बायकांचा, पण वारली चित्रं घेऊन परदेशी गेले ते बहुतेक पुरुष. जिव्या म्हसे थोर, त्यांचा काही दोष नाही. पण बाईला सहा महिने घर सोडायची सवड कोण देणार? दुसरी गोष्ट दुःखाची. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचे जनगढसिंह श्याम हे मोठे गोंड चित्रकार. २००१ च्या जुलैत त्या जपानी संग्रहालयात राहत असतानाच त्यांनी आपलं जीवन संपवलं. दूर बर्फाळ डोंगरात, भाषा येत नाही, मुक्काम लांबलेला. त्यांच्या मनात काय होतं ते कुणी ठरवू नये. पण त्यानंतर भारतातल्या कलावंतांनी जे प्रश्न विचारले ते आपण पाठ करावेत असे आहेत. करार कोणत्या भाषेत आहे? पैसे किती आणि कधी? काढलेल्या कामावर हक्क कुणाचा? पासपोर्ट कुणाजवळ राहणार? मनात आलं तर मधेच परत येता येईल का? घरी फोन कधी करता येईल?

खोली मिळणं चांगलं. पण खोलीचं दार आतून उघडता आलं पाहिजे.

पुढच्या बैठकीत हे सगळं सांगून झालं. आजी बराच वेळ सुपारी कातरत बसल्या होत्या. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "ते सगळं बरोबर. पण माझं गाणं लंडनला कसं गेलं?"

पोरगी त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "आजी, गाणं तुमच्याजवळच आहे. पण इंग्रजांनी ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं १८८२ मध्ये. कोण लोक, काय खातात, लग्न कसं करतात, सगळं लिहिलं. इंग्रजांच्या राजवटीचे कितीतरी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहून ठेवलंय ते मला वाचायचंय, आणि ते चुकीचं असेल तर कुठे चुकलंय ते लिहायचंय."

आजी म्हणाल्या, "मग आधी बरोबर काय ते इथे शिक. नाहीतर चूक कशी ओळखशील?"

यापुढे आम्हाला काही बोलायची गरज राहिली नाही. ठराव झाला. नऊ जणी बाजूने, दोघी विरुद्ध. विरुद्धच्या दोघींची नावं नाही, पण कारण इतिवृत्तात लिहिलंय. गटाचा पैसा बुडाला तर म्हशीवाल्यांनी काय करायचं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून वीसऐवजी पंधरा हजार मंजूर केले, नेहमीच्याच व्याजाने, दहा हप्त्यांत फेडायचे, अर्ज मंजूर झाला नाही तरीसुद्धा. उरलेले पाच हजार मामाने दिले.

आणि अटी लावल्या. एक, जाण्याआधी आजींचे सगळे धवले वहीत उतरवायचे, आणि त्या वहीची एक प्रत गावात राहणार. दोन, खोली, करार, परतीचं तिकीट याचे कागद गटाला मराठीत वाचून दाखवायचे. तीन, ती तिकडे असताना तिच्या वडिलांच्या दवाखान्याच्या वाऱ्या गटातल्या बायका पाळीपाळीने करणार. ही तिसरी अट तिच्यावर नाही, आमच्यावर आहे.

अर्ज गेला आहे. निकाल अजून लागलेला नाही. नकारही येऊ शकतो, आणि आला तर हप्ते चालूच राहतील. पण गेले तीन महिने पोरगी रोज संध्याकाळी आजींच्या ओटीवर बसते. वहीची नव्वद पानं भरली आहेत. आजी म्हणतात, अजून निम्मंही झालं नाही. त्यांचं वय झालं आहे, आवाज बसतो, मधेच खोकला येतो. म्हणून दुपारची त्यांची भांडी आता सून घासते आणि पाणी शेजारीण भरून देते. संध्याकाळची सवड आजींना मिळावी म्हणून.

तुमच्या गटात असं कुणी मागणं घेऊन आलं, तर लगेच हसू नका आणि लगेच होही म्हणू नका. विचारा. खोली कशी आहे, शिधा कोण देतं, आणि मागे राहिलेलं काम कोण करणार? मग वही काढा आणि हिशेब मांडा.